अनुकूल असो वा प्रतिकूल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर रोजमेळाची नवी वही मांडायची, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, वर 'श्री' लिहायचे आणि मग दिवे उजळायचे, हा आमच्या भोसरीच्या वर्कशॉपातला रिवाज १९८८ सालापासूनचा. त्या वर्षी एक लेथ, एक जुना पॉवर प्रेस आणि एक वही एवढाच माझा संसार होता. माझे वडील पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात होते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला ह्या भागातले जुने लोक अजून त्याच नावाने ओळखतात. वडील म्हणायचे, "यंत्राची पूजा दसऱ्याला नि वहीची दिवाळीला. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणून त्याला एक फूल पुरतं. वहीला मात्र हात जोडून विनवावं लागतं."

काही वर्षांपूर्वी ह्याच चौरंगावर माझ्या मुलाने वहीशेजारी एक काळी, पत्त्यांच्या जोडाएवढी डबी आणून ठेवली आणि तिच्यावर हळदकुंकू वाहिले. ती हार्ड डिस्क होती. मी कुरकुरलो. तो म्हणाला, "बाबा, वहीत आता असतं तरी काय? तुमचं सगळं तर ह्यात आहे." मला ते बोलणे पोरकट वाटले होते. त्या डबीत 'माझे सगळे' म्हणजे नेमके काय काय आहे, हे कळायला मला एक दिवाणी दावा लढावा लागला.

आमचा धंदा सुरू झाला तेव्हा माल गेला की चलन फाडायचे. मध्ये कार्बन घालून तीन प्रती. पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी गेटवर, पिवळी आपल्याकडे. पिवळीवर गेटवरच्या माणसाचा शिक्का नि सही असली की रात्री झोप लागे. भांडण झालेच तर पिवळ्या चलनांची फाइल काखोटीला मारून जायचे, टेबलावर आपटायची, की साहेब नरम. तेव्हा चाकण म्हणजे आम्हांला कांद्याचा बाजार नि संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी. दोन हजार सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्याच माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही गावांची नावे ट्रकवाल्यांच्या तोंडी पत्ते होऊन बसली, आणि आमच्यासारख्या भोसरीच्या छोट्या प्रेसवाल्यांचे दिवस पालटले. काम वाढले आणि कागद नाहीसा झाला. ड्रॉइंग मेलवर येऊ लागले, 'चालू करा' हे व्हॉट्सअ‍ॅपवर, तक्रार मोबाइलवर काढलेल्या फोटोतून, आणि माल पोचल्याची नोंद कंपनीच्या संगणकात, जिचे तोंड आम्ही कधी पाहिले नाही. हातात धरण्यासारखे काही उरले नाही. मला मात्र वाटत होते, त्रास कमी झाला.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत चाकणच्या एका कंपनीसाठी आम्ही एक ब्रॅकेट करत होतो. दोन खेपा गेल्या. तिसरी खेप, ४१२ नगांची, सबंध परत धाडली. कारण असे की, ब्रॅकेटवरचे एक भोक दोन मिलिमीटर सरकवलेले नवे ड्रॉइंग त्यांनी पाठवले होते आणि आम्ही जुन्याच ड्रॉइंगवर माल काढला होता. मी म्हटले, नवे ड्रॉइंग आलेच नाही. ते म्हणाले, पाठवले. ज्या साहेबाने पाठवले तो तोवर नोकरी सोडून गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्याला काही सापडत नव्हते. आम्ही वर्कशॉपचा मेल दहादा चाळला. त्यात काही नव्हते. एवढ्या भांडणात त्यांनी आधीच्या दोन खेपांचेही पैसे अडकवले. सगळे मिळून अठरा लाखांवर रक्कम. मोठ्या कंपनीला ती चहापाण्याची. माझ्या प्रेसचे ते फेफरे होते.

माणसाला तोटा झाला की त्याला आधी हिशेब सुचत नाही, चोर सुचतो. वर्कशॉपच्या संगणकाचा पासवर्ड तिघांना ठाऊक होता: मला, मुलाला आणि आमच्या मिस्त्रींना. मिस्त्री पहिल्या प्रेसपासून माझ्याकडे. डायचा आवाज बदलला की बोलता बोलता थांबून मान वळवणारा माणूस. मी मनाशी जुळवले, ह्यांनी ड्रॉइंग पाहिले असणार, घाईत जुन्याच डायवर माल काढला असणार, आणि अंगाशी येते म्हटल्यावर मेल पुसून टाकला असणार. मी हे त्यांना तोंडावर बोललो नाही. तेवढेही धैर्य नव्हते. रात्री मोबाइलवर लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी ते आले, आपली व्हर्निअरची पेटी उचलली, प्रेसला हात लावून नमस्कार केला आणि गेले. एकतीस वर्षांनी. मी पगाराचा हिशेब चोख करून पाठवला आणि आपण न्यायाने वागलो असे मानले.

दावा लावायचे ठरले ते २०२२ साली. मधे करोनाची दोन वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने तो काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता म्हणून दावा मुदतीत राहिला. तीन लाख रुपयांवरचा व्यापारी तंटा असला की तो आता व्यापारी न्यायालयात जातो. २०१५ सालच्या कायद्यात ही मर्यादा एक कोटीची होती, ती २०१८ साली खाली आणली. म्हणजे आमच्यासारख्यांनाही त्या दारातूनच आत जाणे आले. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करावा लागतो. तो आम्ही केला. समोरचे आलेच नाहीत.

आमच्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत मी पिवळ्या चलनांची फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि आवाज चढवून म्हटले, "आपल्या बाजूचे सगळे कागद ह्यात आहेत."

त्या म्हणाल्या, "काका, आपल्या बाजूचे नकोत. सगळे हवेत."

मला वाटले, त्यांनी नीट ऐकले नाही. पण त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचे पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले. १९०८ सालची संहिता. तिच्यातला अकरावा आदेश कागद उघड करण्याविषयीचा. पूर्वी समोरच्याने अर्ज करून मागावे लागे, मग न्यायालय हुकूम करी. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ साली तो आदेश नव्याने लिहिला गेला. आता न मागता, दाव्याबरोबरच, वादीने आपल्या ताब्यात, कबज्यात वा अधिकारात असलेल्या, वादाशी संबंध असलेल्या साऱ्या दस्तऐवजांची यादी द्यायची, मग ते दस्तऐवज त्याला अनुकूल असोत वा प्रतिकूल. प्रतिवादीनेही आपल्या कैफियतीबरोबर तेच करायचे. आणि शपथेवर सांगायचे की, यापरते माझ्याकडे काही नाही.

"म्हणजे माझ्याच विरुद्धचा कागद मीच नेऊन द्यायचा?"

"हो. आणि त्यांच्या विरुद्धचा त्यांनी आणून द्यायचा."

खरे सांगतो, त्या रात्री मला ती सारी कल्पना वेडगळ वाटली. आम्ही लहानपणापासून ऐकलेले कोर्ट म्हणजे पत्ते छातीशी धरून खेळायचा डाव. आपले पान समोरच्याला दाखवून का कोणी डाव जिंकतो?

पुढचा महिना शोधाशोधीत गेला. निगडीहून एक तरुण मुलगा येऊ लागला. संगणकातला पुरावा नीट उतरवून घेणे हा त्याचा व्यवसाय. तो येण्याआधी मी एक शहाणपणा करून ठेवला होता. सगळ्या जुन्या फाइली उघडून, त्यांना नीटस नावे देऊन, पुन्हा साठवून एका जागी रचल्या होत्या. त्याने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फाइलीच्या पोटात ती कधी बदलली याची तारीख असते. मी साठवताच २०१९ ची तारीख जाऊन त्या दिवशीची आली होती. "काका, आजीच्या तांब्याच्या भांड्याची पारख करायची आणि तुम्ही ते आधी चिंच लावून घासून ठेवलंत," तो म्हणाला. नशिबाने त्याच फाइली मेलमध्ये मूळ रूपात शिल्लक होत्या.

त्याच्याकडून मी जे शिकलो ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पहिली गोष्ट, भांडणाचा वास आला की काही पुसायचे नाही आणि आपोआप पुसले जाणारेही थांबवायचे. आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी जुन्यावर नवे असे उमटत जाते. तिसरी खेप बाहेर पडतानाचे चित्रण केव्हाच गेले होते. दुसरी, काय काय आहे यापेक्षा कोणाकोणाच्या हाती आहे ते आधी लिहायचे: वर्कशॉपचा संगणक, मुलाचा लॅपटॉप, माझा मोबाइल, हिशेबनिसाचा मोबाइल. तिसरी, मूळ डिस्कला हात न लावता तिची अक्षरशः जशीच्या तशी प्रत काढायची, आणि ती काढताना डिस्कवर काही लिहिलेच जाणार नाही असे उपकरण मधे लावायचे. मग त्या प्रतीचा 'हॅश' काढायचा. हा हॅश म्हणजे गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. एका प्रचलित रीतीत तो चौसष्ट अक्षरांचा असतो. त्याने माझे नाव टाइप करून हॅश काढून दाखवला, मग नावापुढे एक टिंब दिले. सबंध आकडा पालटला. पिवळ्या चलनावरच्या शिक्क्याची जागा आता ह्या आकड्याने घेतली आहे.

मग शब्द घालून शोध. इथे मोठी गंमत झाली. कंपनीचे मेल इंग्रजीत, पण आमचे व्हॉट्सअ‍ॅप मराठीत, आणि तेही इंग्रजी अक्षरांत; ज्याची त्याची स्पेलिंगे निराळी. 'भोक' हा एक शब्द आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी लिहिला होता, आणि हिशेबनीस तर त्याला 'होल' म्हणत. यंत्राला हे काही कळेना. शेवटी मुलगा नि मी दोघे मांडी ठोकून बसलो आणि ते सहा महिने ओळीओळीने वाचून काढले.

दुसऱ्याचे जुने पत्र वाचावे, पण स्वतःचे वाचू नये. मिस्त्रींना त्या रात्री पाठवलेला माझा संदेश तिथे होता. मला आठवत होते त्याहून तो दोन ओळींनी लांब होता. आणि खाली त्यांचे उत्तर, जे मी पार विसरलो होतो: "मालक मी मेल उघडत नाही. तुम्ही छापून देता तेच ड्रॉइंग लावतो."  मी ते वाचले होते. उत्तर दिले नव्हते.

पंधरा दिवसांनी तो निगडीचा मुलगा सहज म्हणाला, "काका, तुमचा स्वतःचा मेल पाहिलाच नाही आपण." मी म्हटले, त्यात काय असणार? विजेचे बिल नि लग्नाच्या पत्रिका. तरी त्याने पाहिले. ड्रॉइंगचा नंबर घातला आणि पडद्यावर एकच ओळ आली.

नवे ड्रॉइंग आले होते. वर्कशॉपच्या पत्त्यावर नाही, माझ्या घरच्या पत्त्यावर. कधीतरी मीच त्या साहेबाला तिथून एक मेल पाठवला होता, त्यालाच त्याने उत्तर दिले होते.

मेलच्या मूळ नोंदीत वेळ होती १८:१२. आणि आता मी जे सांगतो त्याची मला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. ती वेळ पाहताच माझ्या मनाने पहिली धाव घेतली ती पुन्हा मिस्त्रींकडे. संध्याकाळचे सहा बारा! म्हणजे मी वर्कशॉपात. माझा फोन टेबलावर पडलेला. त्यांनी तो उचलून पाहिला असेल. तीन वर्षांचा राग इतक्या सहज मरत नाही.

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, ही वेळ ग्रिनिचची आहे. साडेपाच तास मिळवा."

रात्रीचे अकरा बेचाळीस. त्या रात्री मी नारायणगावला भाचीच्या हळदीला होतो. फोन माझ्याच खिशात होता. आणि पाठवलेल्या मेलांत, अकरा सत्तेचाळीसला, माझेच उत्तर होते: "ओके सर, नोटेड."

पाच मिनिटांत मी ते उघडले होते, होकार दिला होता आणि मांडवात परतलो होतो. सकाळी त्यातले काही म्हणता काही आठवत नव्हते. आजही आठवत नाही. मी खोटे बोललो नव्हतो. माझी आठवण प्रामाणिकपणे चुकली होती. पण मिस्त्रींची नोकरी माझ्या आठवणीने घेतली होती, आणि आठवणीची उलटतपासणी कोणीच केली नव्हती.

त्या रात्री मी तो मेल उघडून एकटाच बसलो होतो. पुसायचे तर एका बोटाचे काम. दावा अठरा लाखांचा. त्यातली तिसरी खेप ह्या एका ओळीने गेली असती. मी पुसला नाही याचे श्रेय मला घेता येत नाही. आधी भीतीच वाटली की त्यांच्याकडे ह्याची दुसरी प्रत निघाली तर? मेल हा कागदासारखा एका जागी राहात नाही, तो जातो तिथे आपली प्रत ठेवून जातो. मग वाटले, तो पुसला तर मिस्त्रींच्या बाजूचा जगातला एकमेव साक्षीदार मी मारला असे होईल. ह्या दुसऱ्या विचाराने माझे बोट मागे आले, की पहिल्याने, हे मी आजही छातीठोक सांगू शकणार नाही.

सकाळी वकीलबाईंकडे गेलो. मुलाने विचारले, "हे तुम्हांला सांगितलं, म्हणजे आता हे वकील-अशिलातलं गुपित झालं ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "काका मला जे सांगतात ते गुपित. पण २०१९ सालचा मेल माझ्या टेबलावर ठेवल्याने गुपित होत नाही. दोनच वाटा आहेत. दावा लावायचा तर हा यादीत जाईल. हा दाखवायचा नसेल तर दावा लावू नका. तिसरी वाट मी दाखवणार नाही."

मग त्यांनी आम्हांला दोन हकीकती सांगितल्या. एक न्यूयॉर्कची. लॉरा झुबुलेक नावाच्या बाईंनी यूबीएस ह्या बँकेवर नोकरीतल्या अन्यायाबद्दल दावा लावला होता. बँकेतले कित्येक मेल दावा येणार हे ठाऊक असूनही पुसले गेले होते. शिरा शाइंडलिन ह्या न्यायाधीशबाईंनी २००३ आणि २००४ मध्ये एकामागून एक निर्णय देऊन सांगितले की, जपून ठेवणे हे पक्षकाराचे कर्तव्य, आणि ते घडते की नाही हे पाहणे हे वकिलाचे. जे पुसले गेले ते बँकेच्या विरुद्धच होते असे पंचांनी मानायला हरकत नाही, असेही त्यांनी ठरवले. २००५ साली पंचांनी बाईंना दोन कोटी नव्वद लाख डॉलरांवर भरपाई दिली. पुढच्याच वर्षाअखेर तिकडच्या दिवाणी नियमांत संगणकातली माहिती स्वतंत्र शब्दांनी दाखल झाली.

दुसरी हकीकत आपल्या जालन्याची. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. मुद्दा एवढाच की, उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे होते; त्यांच्या चित्रणावर सारी मदार. पण अशा चित्रणाच्या प्रतीबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि पुन्हा पुन्हा मागूनही ते अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला: प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच, मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर नको, आणि जो ते देत नसेल त्याच्याकडून न्यायालयामार्फत मागवता येते. ज्याने शक्य ते सर्व केले त्याला अशक्य ते करायला कायदा सांगत नाही, हेही तिथेच म्हटले. आमचा दावा त्याच कलमाखालचा. १ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा आला. आता ते कलम ६३, आणि प्रमाणपत्रात तो लांबलचक हॅशही लिहावा लागतो.

मी दावा लावायचे ठरवले. वादपत्र नव्याने लिहिले. पहिल्या दोन खेपांचे पैसे मागितले, तिसरीबद्दल जे खरे घडले ते सांगितले. मेल यादीत गेला. मिस्त्रींना पाठवलेला संदेश नि त्यांचे उत्तरही गेले. प्रतिज्ञालेखात तो मेल कोणाचा, तो पत्ता कोणाच्या ताब्यात, दुसरे कोण उघडू शकत होते, केव्हा आला, केव्हा छापला, संगणक त्या वेळी नीट चालत होता का, हे सारे लिहावे लागते. 'दुसरे कोण उघडू शकत होते' ह्यापुढे 'कोणीही नाही' असे लिहून मी सही केली. हे दोन शब्द मी तीन वर्षे एका माणसाचे देणे लागत होतो.

पण ते मी न्यायालयाला दिले होते. ज्याचे देणे त्याला नव्हे.

मिस्त्री चाकणच्या पुढे, खेडच्या बाजूला आपल्या गावी राहतात. मी गेलो तेव्हा ओट्यावर कांदा निवडत बसले होते. मी मेलची छापील प्रत काढून पुढे केली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि परत दिली.

"काय लिवलंय?"

मी सांगितले. सगळे सांगितले, साडेपाच तासांसकट.

बराच वेळ ते कांद्याची साल काढत राहिले. मग आत गेले आणि एक वही घेऊन आले. आमच्याच वर्कशॉपची, पत्र्याच्या तेलाने डागाळलेली. रोजचे पान: तारीख, पाळी, जॉब, नग, आणि कडेला ड्रॉइंगचा नंबर नि त्याची आवृत्ती. फेब्रुवारीतल्या प्रत्येक दिवशी 'ए', 'ए', 'ए'. एका पानावर खाली लिहिले होते, 'मालक लग्नाला. ड्रॉइंग तेच.'

"मिस्त्री, हे तुम्ही तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"मालक, तुम्ही मागितलं कुठं?"

ह्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. एवढा शोध केला, डिस्कची प्रत काढली, चार स्पेलिंगे घालून भोक शोधले. पण ज्याच्यावर आळ घेतला त्याला 'तुमच्याकडे काही आहे का' एवढे विचारायचे राहून गेले होते. कायदा शत्रूच्या बाबतीत जेवढी रीत सांगतो तेवढीही मी माझ्या माणसाच्या बाबतीत पाळली नव्हती.

दाव्याचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. कंपनीलाही आपली यादी द्यावी लागली. त्यांच्या माल-आवक नोंदींत निघाले की परत धाडल्याचे सांगितलेल्या ४१२ नगांपैकी २६२ नग त्यांनी ठेवून घेतले होते आणि भोक लांबट करून वापरलेही होते. दोन्हीकडची पाने उताणी पडल्यावर खेळण्यासारखे काही उरले नाही. २०२३ साली तडजोड झाली. पहिल्या दोन खेपांचे पैसे पुरे मिळाले, तिसरीतल्या वापरलेल्या नगांचे खर्च वजा जाता. व्याजावर पाणी सोडले. मी लपवले असते तर जास्त मिळाले असते की कमी, हा हिशेब मुलगा मधूनमधून मांडतो. मला तो मांडता येत नाही.

मिस्त्री परत कामाला आले नाहीत. "आता डोळं चालत न्हाईत, मालक," म्हणाले. ते खरे की मला सोडवण्यासाठी, कोण जाणे. पण वही त्यांनी मला नेऊ दिली. ती पुरवणी यादीत लावली, कारण दावा संपेपर्यंत नवे सापडेल ते दाखवत राहावे लागते. काम संपल्यावर परत द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच."

आता लक्ष्मीपूजनाला चौरंगावर नवी वही असते, ती काळी डबी असते, आणि त्या दोन्हींच्या शेजारी ही तेलकट वही. मुलगा तिघींवरही कुंकू वाहतो. मी आता कुरकुरत नाही. फक्त मेल पाहायचा झाला की चष्मा लावतो, आणि 'नोटेड' असे उत्तर देण्याआधी ते कागदावर खरोखरच नोट करून ठेवतो.